थिंकपॅड एक्स२३० वर कोअरबूट: लिहिण्याआधीची कामं आणि मग लिहिणं

कोअरबूट म्हणजे लॅपटॉप कंपनीच्या बायोसच्या जागी बसवायचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. तो बोर्डावरच्या चिपवर लिहावा लागतो. जुळे सोलापुरातल्या माझ्या टेबलावर बंद पडलेले जे एक्स२३० येतात, त्यातल्या बहुतेकांची चूक चिपवर लिहिण्याच्या आधीच झालेली असते. मागच्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळी. "बॅकअप घेतलाय की सर," म्हणत त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला. फाइल उघडून बघितली. सुरुवातीच्या ओळी ठीक होत्या आणि तिथून शेवटपर्यंत नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ, म्हणजे रिकामे बाइट. वाचता वाचता क्लिप हलली होती. त्यानं वाचन एकदाच केलं, फाइल बघितली नाही आणि लगेच वर नवं फर्मवेअर लिहिलं. त्या मशीनची मूळ प्रत कायमची गेली.

मशीन शेवटी चालू झालं. नेटवर्क कार्डाचा मूळ मॅक पत्ता मात्र त्याच्या एका जुन्या स्क्रीनशॉटमध्ये सापडला म्हणून मिळाला. तो फोटो नसता तर काही इलाज नव्हता.

म्हणून हा लेख क्रमावर आहे. लिहायला काही मिनिटं लागतात, आधीच्या तयारीला अख्खी दुपार लागते, आणि ती दुपार द्यायची तयारी नसेल तर स्क्रू उघडू नका. उदाहरण एक्स२३०चं घेतलंय, कारण जुन्या बाजारात तो मिळतो आणि चिपपर्यंत हात पोचतो. टी४३० वरही ८ आणि ४ एमबीच्या दोन चिपा असतात, पण उघडण्याची रीत आणि इमेज, म्हणजे चिपवर लिहायची फाइल, वेगळी आहे.

## १. मशीन चालेल का, हे आधी ठरवा

एक्स२३० मध्ये इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. चौथ्या पिढीपासून बूट गार्ड नावाची सोय आली. कारखान्यात ती चालू केलेली असेल तर कंपनीच्या सहीशिवायचं फर्मवेअर प्रोसेसर चालवतच नाही. त्यामुळं "माझा लॅपटॉप नवीन आहे, त्यावर आणखी चांगलं चालेल" हा समज आधी काढून टाका. तुमचं नेमकं मॉडेल कोअरबूटच्या किंवा त्यावरूनच बनवलेल्या लिब्रेबूटच्या यादीत नसेल तर इथंच थांबा. जवळचं मॉडेल चालत नाही. एक्स२३० टॅबलेटची इमेजसुद्धा साध्या एक्स२३० पेक्षा वेगळी असते.

सावध: घरातला एकुलता एक लॅपटॉप यासाठी घेऊ नका. परीक्षा किंवा प्रोजेक्ट सबमिशन आठवड्यावर आलं असेल तरीही नको.

## २. सामान

दुसरा एक लॅपटॉप लागतो, लिनक्स चालणारा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवलेला डेबियनही पुरतो, फक्त फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायला विसरू नका, नाहीतर बंद करताना त्या जातील. त्यात फ्लॅशरॉम, म्हणजे चिप वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्राम, बसवून ठेवा. बाकी सामान म्हणजे ८ पायांची एसओआयसी क्लिप (चिप न काढता तिचे पाय पकडणारी), प्रोग्रामर (संगणक आणि चिप यांना जोडणारं छोटं यंत्र), मल्टीमीटर, बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि भिंग. जंपर वायर लागल्या तर १०-१५ सेंटिमीटरच्याच घ्या. लांब वायरींमुळं वाचनात चुका येतात आणि त्या चुका दरवेळी वेगळ्या असतात, त्यामुळं दोष कुठं आहे ते कळत नाही.

क्लिपवर पैसे वाचवू नका. स्वस्त क्लिपचे दात दोन-तीन वापरांत सैल होतात.

प्रोग्रामरबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल. सगळीकडे मिळतो तो काळ्या बोर्डाचा सीएच३४१ए. चिपला वीज तो ३.३ व्होल्टचीच देतो, पण बोर्डावरचा मुख्य आयसी ५ व्होल्टवर चालत असल्यामुळं डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. आपली चिप ३.३ व्होल्टची. "माझं तर चाललं" असं सांगणारे भेटतील आणि ते खरंही बोलत असतील, पण त्या तारांवर फक्त चिप नसते, बोर्डावरचा चिपसेटही असतो. मी नव्या माणसाला रास्पबेरी पाय पिको घ्यायला सांगतो. तो स्वस्त आहे आणि त्याच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बूटसेल बटण दाबून धरून तो यूएसबीला लावला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यावर सर्प्रोग फर्मवेअरची फाइल टाकली की प्रोग्रामर तयार. कोणती पिन कशाला जोडायची हे फर्मवेअरच्या आवृत्तीनुसार बदलतं, म्हणून तुम्ही टाकलेल्या आवृत्तीचाच तक्ता बघा.

तपासा: क्लिप मोकळी असताना प्रोग्रामर यूएसबीला लावा आणि मल्टीमीटरनं चौथ्या पिनेपासून म्हणजे ग्राउंडपासून पहिली, पाचवी, सहावी आणि आठवी पिन मोजा. कुठंही ५ च्या आसपास आकडा दिसला तर तो प्रोग्रामर बाजूला ठेवा.

## ३. जुनं बायोस चालू आहे तोवर करायची कामं

ही पायरी बरेच जण गाळतात आणि नंतर परत मागं येता येत नाही.

पहिलं, बायोस कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीला नेऊन ठेवा. बॅटरी, पंखा आणि कीबोर्ड सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर त्याच वेळी अद्ययावत होतो. कोअरबूट त्याला हात लावत नाही, त्यामुळं एकदा कोअरबूट बसलं की कंट्रोलर आहे त्याच आवृत्तीवर राहतो. एक अपवाद आहे. जुन्या धाटणीचा कीबोर्ड बसवायचा किंवा दुसऱ्या कंपनीची बॅटरी चालवायची म्हणून कंट्रोलरमध्येच बदल करायचा असेल, तर आधी त्याची कृती वाचा, कारण तिला ठरावीक आवृत्ती लागते.

दुसरं, मॅक पत्ता आणि सिरियल नंबर कागदावर लिहा. वायफायचा नव्हे, तारेच्या नेटवर्कचा मॅक. चिपमध्ये तोच असतो.

तिसरं, आत्ताची सिस्टिम कशी बूट होते ते बघा. विंडोज किंवा लिनक्स यूईएफआय पद्धतीनं, म्हणजे बायोसनंतर आलेल्या नव्या बूट पद्धतीनं, बसवलेलं असेल आणि तुम्ही सीबायोस पेलोडची (पेलोड म्हणजे कोअरबूटनंतर चालून सिस्टिम बूट करणारा भाग, सीबायोस फक्त जुन्या बायोस पद्धतीनं बूट करतो) इमेज टाकणार असाल, तर ती डिस्क नंतर बूट होणार नाही. डेटा जाग्यावरच असतो, पण "फर्मवेअरनं डिस्क उडवली" म्हणून घाबरून लोक फॉरमॅट करून बसतात. डेटाची प्रत आधी काढा आणि सिस्टिम नव्यानं बसवायची तयारी ठेवा.

चौथं, रॅम तपासा. मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. नंतर स्क्रीन काळी राहिली तर निदान रॅमवरचा संशय तरी उरत नाही.

## ४. जागा आणि वीज

सोलापुरात जवळपास प्रत्येक घरात टेबलावर किंवा पलंगावर चादर असते आणि लॅपटॉप त्यावरच उघडला जातो. चादर काढा. तिच्या विणीत स्क्रू अडकतात, आणि सुताचे बारीक तंतू क्लिपच्या दातांत बसले की संपर्क तुटतो. डोळ्यांना ते दिसतही नाहीत. उघड्या लाकडी टेबलावर वर्तमानपत्र अंथरा.

पूर्व भागात राहत असाल आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत असेल तर टेबलावर हात ठेवून बघा. थरथर जाणवली तर माग बंद असतील त्या वेळी काम करा. क्लिप फक्त दातांच्या पकडीवर उभी असते, सतत हादरे बसले की ती हळूहळू वर सरकते. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाच्या घरी हेच झालं असणार असं मला वाटतं.

वाचणारा-लिहिणारा लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण चार्ज करून घ्या. वीज गेली तरी काम थांबायला नको. थंडीच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून स्वेटर काढा आणि बोर्डाला हात लावण्याआधी नळाला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा.

## ५. उघडणं

अडॅप्टर काढा, मागची बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. तळाशी ज्या स्क्रूंशेजारी कीबोर्डाची आणि पामरेस्टची खूण आहे तेवढेच काढा. लांबी वेगवेगळी असते. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी चिकटवून ठेवा.

कीबोर्ड आधी स्क्रीनकडे सरकवायचा, मग तुमच्याकडची कड वर उचलायची. खाली केबल आहे, हिसका देऊ नका. पामरेस्टचीही केबल सोडवून तो बाजूला करा. बोर्डावरच्या घड्याळाच्या छोट्या बॅटरीची जोडणीही काढा. ही बॅटरी राहून गेली तर बोर्डात थोडी वीज राहते आणि वाचन अडखळतं.

आता दोन छोट्या ८ पायांच्या चिपा दिसतील, वर काळा प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर तो हलक्या हातानं मागं घ्या. स्क्रीनच्या बाजूची चिप ४ एमबीची, तुमच्या बाजूची ८ एमबीची. भिंगातून दोन्हींवरची अक्षरं वाचून लिहून घ्या. पुढं लागतील.

तपासा: चिपच्या एका कोपऱ्यात छोटा खळगा असतो. ती पहिली पिन. क्लिपची लाल तार त्याच कोपऱ्यावर यायला हवी. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा.

## ६. क्लिप लावण्याचा क्रम

आधी क्लिप, मग यूएसबी. काढताना आधी यूएसबी, मग क्लिप. हे एक वाक्य टेबलावर चिकटवून ठेवा. वीज चालू असताना क्लिप तिरकी झाली तर शेजारच्या पिना एकमेकींना टेकतात.

क्लिप सरळ वरून दाबा, सोडा, आणि बोटानं अगदी हलकं हलवून बघा. डगमगत असेल तर पुन्हा लावा. मग फ्लॅशरॉमला फक्त प्रोग्रामरचं नाव देऊन चालवा, वाचायचा किंवा लिहायचा आदेश देऊ नका. त्यानं चिप ओळखून आकार सांगितला पाहिजे. तुमच्याकडच्या चिपवर ८ एमबी आणि स्क्रीनकडच्या चिपवर ४ एमबी येतंय का ते जुळवा.

काही चिपांना, मॅक्रोनिक्सच्या विशेषतः, एकापेक्षा जास्त नावं जुळतात आणि फ्लॅशरॉम विचारतो की यातली कोणती. मघाशी भिंगातून लिहून घेतलेलं नाव इथं कामी येतं. अंदाजानं निवडू नका.

चिप सापडली नाही तर ती मेली असं समजू नका. क्लिप पुन्हा लावा, चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वायर बदला. सक्तीनं वाचायचा पर्याय मात्र वापरू नका. त्या पर्यायानं फाइल तयार होते, पण तिच्यात काय आहे याला काही अर्थ नसतो.

## ७. वाचन: इथं घाई नको

प्रत्येक चिप किमान तीन वेळा वाचा. तीन फाइली, तीन नावं.

बऱ्याच ठिकाणी "दोनदा वाचा, जुळलं की पुढं जा" असं सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. क्लिपची एखादी पिन नीट टेकलेली नसेल आणि क्लिप न हलवता तुम्ही दोनदा वाचलंत, तर तीच चूक दोन्ही वेळा तशीच येऊ शकते. फाइली जुळतात आणि दोन्ही खोट्या असतात. म्हणून दोन वाचनांच्या मध्ये यूएसबी काढा, क्लिप काढा, पुन्हा लावा, मग वाचा. प्रत्येक वेळी. कंटाळवाणं आहे, पण माझ्या बघण्यात दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

मग या चार गोष्टी पडताळा.

फाइलचा आकार. ८ एमबीची फाइल नेमकी ८३,८८,६०८ बाइट आणि ४ एमबीची ४१,९४,३०४ बाइट हवी. एकही कमी-जास्त नको.

शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो. एका चिपच्या तिन्ही फाइलींची सारखी आली पाहिजे. एक वेगळी आली तर "तीनपैकी दोन जुळल्या" असा कौल लावू नका. तिन्ही काढून टाका, क्लिप साफ करा, पुन्हा वाचा.

आतला मजकूर. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) ८ एमबीची फाइल उघडा. पहिले १६ बाइट सोडून पुढचे चार ५ए, ए५, एफ०, ०एफ असे दिसायला हवेत. ही इंटेलच्या फ्लॅश डिस्क्रिप्टरची, म्हणजे चिपमधले विभाग कुठं आहेत ते सांगणाऱ्या नकाशाची, खूण आहे. मग ४ एमबीच्या फाइलच्या अगदी शेवटी जा. शेवटच्या १६ बाइटांत प्रोसेसर चालू होताच आपला पहिला आदेश शोधतो, तिथं सगळं एफएफ असूच शकत नाही. मध्ये मध्ये एफएफचे मोठे पट्टे असतात, ती रिकामी जागा आहे, त्यानं घाबरू नका.

विभाग. आधी ८ एमबीची, तिच्यामागं ४ एमबीची अशी जोडून १,२५,८२,९१२ बाइटांची एक फाइल बनवा आणि कोअरबूटबरोबर येणारं आयएफडीटूल तिच्यावर चालवा. डिस्क्रिप्टर, बायोस, मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचं स्वतःचं बंद फर्मवेअर) आणि गिगाबिट इथरनेट असे विभाग दिसले पाहिजेत. इथरनेटच्या विभागाचे पहिले सहा बाइट म्हणजे तुमचा मॅक पत्ता. कागदावर लिहिलेल्या पत्त्याशी जुळला की ही प्रत तुमच्याच मशीनची आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेली आहे याची खात्री पटते.

आता ही प्रत दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. दोन्ही पुन्हा लावून तिथल्या फाइलींची शा-२५६ बेरीज काढा.

सावध: ही पायरी पूर्ण झाल्याशिवाय लिहायचा आदेश टाइपसुद्धा करू नका. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबून जुना आदेश आणताना वाचायच्या जागी लिहायचा आदेश आलेला मी बघितला आहे.

## ८. इमेज तयार करणं

पहिल्यांदाच करणाऱ्यानं लिब्रेबूटची तयार इमेज घ्यावी. उतरवल्यावर तिची जीपीजी सही, म्हणजे फाइल खरंच त्यांचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही, तपासा. इमेजच्या नावातला बोर्ड एक्स२३० आहे ना ते पुन्हा वाचा. पेलोड सीबायोसचा निवडा, तो सगळ्यात कमी त्रास देतो.

इथं एक सापळा आहे. प्रसिद्ध केलेल्या एक्स२३०च्या इमेजमध्ये मॅनेजमेंट इंजिनचा भाग काढून टाकलेला असतो, कारण तो वाटण्याचा परवाना त्यांच्याकडे नाही. तो तुम्ही तुमच्या संगणकावर, त्यांच्याच इंजेक्ट करणाऱ्या साधनानं भरायचा असतो. मॅक पत्ताही त्याच वेळी देता येतो. उतरवलेली फाइल सरळ चिपवर टाकणारे इथं फसतात.

स्वतः कोअरबूट बांधणार असाल तर डिस्क्रिप्टर, इंजिन आणि इथरनेटचे विभाग तुमच्याच प्रतीतून काढून द्या. चिपचा आकार १२ एमबी निवडा. डिस्क्रिप्टरचं कुलूप आयएफडीटूलनं उघडून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर लागणार नाही.

तयार १२ एमबीची इमेज आता दोन तुकड्यांत कापा. पहिले ८ एमबी तुमच्याकडच्या चिपसाठी, उरलेले ४ एमबी स्क्रीनकडच्या चिपसाठी. नावातच "खालची-८" आणि "वरची-४" लिहा.

तपासा: दोन्ही तुकडे पुन्हा जोडून शा-२५६ काढा. मूळ इमेजशी जुळली पाहिजे.

## ९. लिहिणं

खालच्या चिपला क्लिप, मग यूएसबी, मग ओळख, मग ८ एमबीचा तुकडा. फ्लॅशरॉम पुसतो, लिहितो आणि स्वतः पुन्हा वाचून पडताळतो. शेवटी व्हेरिफाइड असं आलं की यूएसबी काढा, क्लिप काढा, वरच्या चिपवर ४ एमबीचा तुकडा. दोन्हींच्या मध्ये लॅपटॉप चालू करायचा नाही.

आकार जुळत नाही म्हणून फ्लॅशरॉमनं नकार दिला तर तो तुम्हाला वाचवतोय. फाइल चुकीची आहे किंवा क्लिप चुकीच्या चिपवर. फाइलला मागं शून्यं जोडून आकार जुळवू नका.

मध्येच थांबलं, पडताळणी फसली, क्लिप निसटली, तरी चिप खराब झालेली नाही. लॅपटॉपला वीज न देता क्लिप नीट लावा आणि तोच तुकडा पुन्हा लिहा.

## १०. पहिलं बूट

सगळे स्क्रू लावायची घाई नको. घड्याळाची बॅटरी जोडा, कीबोर्डाची केबल जोडा, रॅमची एकच कांडी ठेवा, मुख्य बॅटरी बसवा आणि बटण दाबा.

स्क्रीन काळी राहील. कोअरबूट पहिल्यांदा रॅमची वेळ जुळवतं आणि त्याला वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसा. याच वेळात लोक बटण दाबून मशीन बंद करतात, पुन्हा चालू करतात, आणि दरवेळी जुळवणी पहिल्यापासून सुरू होते.

पाच मिनिटांनीही काही दिसलं नाही तर या क्रमानं जा: रॅम दुसऱ्या खाचेत, मग दुसरी कांडी, मग दोन्ही चिपा पुन्हा वाचून लिहिलेल्या तुकड्यांशी तुलना, मग तुकडे उलटसुलट झाले नाहीत ना याची खात्री. तरीही नाही तर मूळ प्रतीच्या दोन्ही फाइली परत लिहा. जुनं बायोस जसंच्या तसं चालू होईल आणि मग शांतपणे इमेज कुठं चुकली ते शोधता येईल.

दिसलं, तर मशीन किमान ४५ मिनिटं सलग चालू ठेवा. मॅनेजमेंट इंजिनचा भाग गहाळ किंवा चुकीचा असेल तर मशीन व्यवस्थित चालतं आणि बरोबर ३० मिनिटांनी बंद पडतं. अशा मशीनचे मालक गरम होतंय म्हणून पंखा आणि थर्मल पेस्ट बदलत बसतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो संशय साहजिकही आहे. घड्याळ लावून बघा, नेमकी अर्ध्या तासाची वेळ असेल तर आठव्या पायरीला परत जा.

## ११. बंद करण्याआधी आणि नंतर

दुसरी रॅम लावा. तारेच्या नेटवर्कचा मॅक बघा. झाकण लावून झोपवा आणि उठवा. चार्जिंग, पंखा, बाहेरचा डिस्प्ले, आवाज कमी-जास्त करायची बटणं, सगळं एकेकदा. जुन्या बायोसमुळं न चालणारं वायफाय कार्ड आता चालेल, बदलायचं असेल तर पामरेस्ट उघडा आहे तोवरच बदला. मग स्क्रू.

पुढची आवृत्ती आतूनच टाकता येते. लिनक्स कर्नलला आयओमेम रिलॅक्स्ड हा पर्याय देऊन बूट करायचं आणि फ्लॅशरॉमला अंतर्गत प्रोग्रामर सांगायचा. तेव्हाही आधी वाचून प्रत काढायचीच, आणि लिहून झाल्यावर पडताळणी फसली तर मशीन बंद करायचं नाही, चालू असतानाच पुन्हा लिहायचं.

दोन्ही पेनड्राइव्हवर कागदी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर, मॅक पत्ता आणि तारीख लिहा. एक घरी कपाटात, दुसरा नातेवाइकाकडं किंवा मित्राकडं. लॅपटॉपच्या बॅगेत दोन्हीपैकी एकही नको, कारण बॅग हरवली तर दोन्ही गोष्टी एकदमच जातात. आणि लॅपटॉप कधी विकलात तर त्यातला एक पेनड्राइव्ह घेणाऱ्याच्या हातात द्या.